पाटी आणि पत

परगांवीं गेलेला मनुष्य भोजनाची वेळ झाली म्हणजे खाणावळ शोधूं लागतो. दोन खाणावळी शेजारीं शेजारीं असल्या तर तो कोणत्या दारांत शिरतो, याचा विचार वाचकांनीं कधीं केला आहे काय? तेथील अन्न त्यानें चाखलेलें नसतें. मालकाची व त्याची ओळखदेख नसते. तरीपण तो उंबऱ्याशीं क्षणभर उभा राहतो आणि आंत डोकावतो. मेजावरचें फडकें, पाण्याचें भांडें, वाढणाऱ्याचा सदरा एवढेंच त्याच्या दृष्टीस पडतें आणि त्याचे पाय एका दाराकडे आपोआप वळतात. हा निर्णय त्यानें विचार करून घेतलेला नसतो. पण तो घेतला गेला, एवढें मात्र खरें.

संकेतस्थळाची गोष्ट याहून निराळी नाहीं. जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली व १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ जगापुढें आलें. त्या वेळीं तें शास्त्रज्ञांनीं परस्परांस माहिती पुरविण्याचें एक साधन होतें. नुसता मजकूर आणि दुवे, एवढाच त्याचा थाट. लिहिणारे व वाचणारे बहुधा एकाच विद्येचे उपासक असल्यामुळें, या पानावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न फारसा कोणास पडत नसे. आज त्याच जाळ्यावर घरें विकलीं जातात, मुलामुलींचीं स्थळें पाहिलीं जातात, औषधें मागविलीं जातात, आणि समोरचा दुकानदार कोण, तो कोठें बसला आहे, हें गिऱ्हाइकास ठाऊक नसतें. अशा अनोळखी माणसाच्या मनांत आपल्याविषयीं भरंवसा कसा उत्पन्न करावा? हा प्रश्न गेल्या आंब्याच्या हंगामांत आमच्या घरांतच उभा राहिला. त्या निमित्तानें जें वाचलें व जें अनुभवास आलें, तें वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

पहिला आराखडा

रत्नागिरी जिल्ह्यांत आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. ती सर्व भावांची सामाईक. थोरले बंधु व वहिनी तेथें राहून तिची निगा राखतात आणि आम्ही बाकीचे पुण्यास असतों. आजवर पेट्या वाशीच्या बाजारांत दलालाकडे जात. भाव तो ठरवी आणि पट्टी येईल ती आम्ही मुकाट्यानें घेत असूं. परंतु अलीकडे दोन-तीन वर्षें अवेळीं पाऊस पडून मोहोर गळाला, औषधफवारणीचा खर्च वाढला आणि बागेवर कर्ज झालें. तें फेडावयाचें तर माल थेट घरोघर पोंचविला पाहिजे, असें पुतण्याच्या मनानें घेतलें. तो संगणकाचें शिक्षण घेत आहे. त्यानें पंधरा दिवस खपून एक संकेतस्थळ तयार केलें आणि पाडव्याच्या आदल्या सायंकाळीं सर्वांस दिवाणखान्यांत बसवून तें दाखविलें. वहिनीही त्या वेळीं पुण्यास आल्या होत्या.

मथळा तांबड्या-पिवळ्या रंगांत लुकलुकत होता. अक्षरें चार तऱ्हेचीं होतीं. नांवाखालीं 'आंतरराष्ट्रीय निर्यात समूह' असें लिहिलें होतें. वास्तविक आमचा आंबा बेळगांवच्या पलीकडे कधीं गेलेला नाहीं. मध्यभागीं परदेशांतील कोणत्या तरी बागेचें छायाचित्र होतें. एका कोपऱ्यांत घड्याळ उलटें धांवत होतें व त्याखालीं 'फक्त ३ पेट्या शिल्लक' अशी सूचना होती. सर्वांत खालीं पांच पांच तारे देऊन स्तुति करणारे नऊ ग्राहक होते. त्यांपैकीं एकानेंही आमचा आंबा खाल्ला नव्हता. कारण विक्रीच अद्याप सुरू व्हावयाची होती!

माझी थोरली बहीण, जिला घरांत सर्व अक्का म्हणतात, ती चष्मा सांवरून कांहीं वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, हें तर माझ्या त्या लुगड्यांच्या दुकानासारखें दिसतें. तेथेंही असेंच घड्याळ धांवत होतें."

त्या दुकानाची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वीं मोबाइलवर रेशमी लुगड्यांची एक जाहिरात अक्काच्या पाहण्यांत आली. अर्ध्या किमतीची सवलत, आणि ती संपावयास दहा मिनिटें उरलेलीं. तिनें घाईघाईनें चार हजार रुपये भरले. लुगडें आलें नाहीं व आठ दिवसांत तें पानही नाहींसें झालें. पैशापेक्षां आपण फसलों याचीच लाज तिला अधिक वाटली. चार महिने ती गोष्ट तिनें कोणासही सांगितली नाहीं, आणि तेव्हांपासून मोबाइलवरून एक रुपयाही भरला नाहीं. तिच्या या एका वाक्यानें दिवाणखान्यांत शांतता पसरली. पुतण्याचा चेहरा उतरला.

डोळ्यांचा कौल

बिचाऱ्यानें खटपट केली होती ती अस्थानीं नव्हती. दर्शनी रूपाचें महत्त्व शास्त्रज्ञांनींही मान्य केलें आहे. कॅनडांतील कार्लटन विद्यापीठांत गिटे लिंडगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेले प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत लोकांस संकेतस्थळांचीं पानें केवळ ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवून तीं देखणीं कीं कुरूप हें विचारलें. एवढ्या वेळांत पानावरील मजकूर वाचून होत नाहीं. तरी तें मत आणि तींच पानें दसपट वेळ दाखविल्यानंतरचें मत यांचा पुष्कळच मेळ बसला. त्यापूर्वीं २००२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत बी. जे. फॉग व त्यांच्या मंडळींनीं २,६८४ लोकांस संकेतस्थळांची तुलना करावयास लावून, कोणतें अधिक विश्वासार्ह व कां, याविषयीं त्यांचे शेरे गोळा केले. त्यांपैकीं ४६.१ टक्के शेऱ्यांत दर्शनी रूपाचाच उल्लेख होता. माहितीच्या मांडणीचा उल्लेख २८.५ टक्के शेऱ्यांत होता.

तेव्हां 'आमचा माल चोख आहे, मग रूपाची काय पर्वा?' हें म्हणणें चालावयाचें नाहीं. परंतु व्यवस्थित रूप म्हणजे भपका नव्हे. नेटकें घर आणि लग्नाचा मांडव यांत जो फरक आहे, तोच येथें आहे. मांडवांत कोणी कायमचें राहत नाहीं, हें पाहणारास ठाऊक असतें.

अक्षर व शुद्धलेखन

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं ती साइट एकेक करून सुधारावयास घेतली. प्रथम अक्षर. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टंकाचा सुबकपणा व मुद्रणाची शुद्धता यांमुळें 'निर्णयसागरची प्रत' म्हणजे भरंवशाची प्रत, अशी ख्याति झाली. मजकूर वाचण्यापूर्वींच अक्षर साक्ष देतें, हें आपल्या वडीलधाऱ्यांस चांगलें माहीत होतें.

देवनागरीची एक विशेष गरज आहे. आपल्या लिपींत वेलांट्या व मात्रा वर जातात आणि उकार व जोडाक्षरें खालीं उतरतात. म्हणून इंग्रजीसाठीं आंखलेलें अंतर ओळींत ठेवलें तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारास जाऊन भिडते. पुतण्यानें ओळींतील अंतर वाढविलें, चार तऱ्हांच्या ऐवजीं एकच टंक ठेवला आणि मथळे त्याच टंकाच्या ठळक वळणांत केले. यासाठीं पैसे मोजावे लागत नाहींत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें केलेला 'मुक्ता' किंवा गूगलचा 'नोटो' यांसारखे चांगले देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. अक्षरांचा फिकट करडा रंग काढून तो गडद केला. कारण पार्श्वभूमि व साधा मजकूर यांच्या उजळपणांत किमान ४.५ ला १ एवढें अंतर असावें, असा जागतिक जाळ्याचे संकेत ठरविणाऱ्या संस्थेचा दंडक आहे. वृद्ध वाचकाच्या डोळ्यांस तेवढें तरी लागतेंच. रंग दोनच ठेवले, एक आंब्याच्या पानाचा व दुसरा पिकल्या फळाचा.

मग वहिनींनीं चष्मा लावून सबंध मजकूर वाचला. 'रत्नागीरी' हा शब्द तीन ठिकाणीं निघाला. "ज्याला आपल्या जिल्ह्याचें नांव धड लिहितां येत नाहीं, तो आंबा मात्र तेथलाच देईल, हें कोणी कां मानावें?" असें त्या म्हणाल्या. स्टॅनफर्डच्या त्याच मंडळींनीं विश्वासार्हतेचे दहा नियम सांगितले आहेत. कितीही क्षुल्लक असली तरी चूक राहूं देऊं नये, हा त्यांतीलच एक आहे. मोडलेला दुवा आणि मोडलेलें शुद्धलेखन यांची गणना तेथें सारखीच केली आहे.

नांव, गांव आणि किंमत

परदेशी बागेचें छायाचित्र काढून तेथें आमच्याच बागेचें घातलें. बंधु पेंढ्याच्या अढींतून फळें उलथीत आहेत आणि मागें कौलारू पडवी दिसत आहे. पुतण्यास तें गरिबीचें वाटलें. "काका, यानें आपण अगदीं लहान दिसूं," असें तो म्हणाला. मीं त्यास विचारलें, "आपण लहान नाहीं काय?" लहान असणें हा कांहीं दोष नव्हे, लहान असून मोठें दिसण्याची धडपड मात्र ताबडतोब ओळखूं येते. 'आंतरराष्ट्रीय निर्यात समूह' हे शब्द त्यानें आपल्या हातानें पुसले.

त्यांच्या जागीं बागेचा पूर्ण पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, आणि तो कोणत्या वेळांत उचलला जाईल हें दिलें. हा केवळ सौजन्याचा भाग नाहीं. ऑनलाइन विक्रीसंबंधीं केंद्र सरकारनें २०२० सालीं केलेल्या ग्राहक-संरक्षण नियमांप्रमाणें अशा व्यवसायानें आपलें कायदेशीर नांव, मुख्य कचेरीचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव व संपर्क ठळकपणें द्यावयाचा असतो. तक्रार मिळाल्याची पोंच ४८ तासांत व निवारण एक महिन्यांत व्हावें लागतें. आमच्याकडे तक्रार ऐकणाऱ्या अधिकारी वहिनीच झाल्या.

हापूसच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांपुरतें तें आहे. तरी दुसरीकडचें फळ त्या नांवानें विकलें जातें, ही गिऱ्हाइकाची भीति खोटी नाहीं. म्हणून बाग कोणत्या तालुक्यांत, फळ केव्हां उतरविलें, तें गवतांत पिकविलें कीं कसें, या गोष्टी आम्हीं स्पष्ट लिहिल्या. कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे, हेंही तेथेंच नमूद केलें.

किंमतही पहिल्याच पानावर एकरकमी दिली. पेटी, बांधणी व पाठवणी धरून. आधीं थोडी किंमत दाखवावयाची आणि पैसे भरण्याच्या घटकेस एकेक खर्च वाढवीत जावयाचें, ही युक्ति आज सर्रास चालते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें ग्राहकांस भुलविणाऱ्या अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली आहे. त्यांत ही युक्ति आहे आणि खोटी घाई करणें हीही आहे.

घड्याळाचा वाद

येथवर सर्व सुरळीत झालें. परंतु घड्याळ व नऊ ग्राहक यांवर पुतण्या अडून बसला. "आई, सगळे असेंच करतात," तो म्हणाला. "नव्या दुकानांत कोणीच आलेलें नाहीं असें दिसलें तर पहिला मनुष्य येणार कसा? पेट्या पडून राहिल्या तर हप्ता कोण भरणार आहे?"

त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. हप्त्याचें नांव निघतांच बंधु खालीं पाहूं लागले. वहिनी मात्र शांतपणें म्हणाल्या, "पडून राहिल्या तर नेहमीप्रमाणें वाशीस पाठवूं. पण खोटीं माणसें उभीं करून विकलेला आंबा खरा असला, तरी मला तो खोटाच वाटेल. आणि त्या घड्याळानें अक्कांचें काय झालें, तें तूं घरांत पाहिलें आहेस." मग माझ्याकडे वळून, "भावोजी, तुम्हीच सांगा, पहिला ग्राहक नसणें हें लपविण्यासारखें आहे का?"

अखेर नऊ स्तुतिपाठकांच्या जागीं एकच ओळ लिहिली: 'थेट विक्रीचें हें आमचें पहिलेंच वर्ष आहे; खाऊन झाल्यावर आपलें मत अवश्य कळवा.' घड्याळ गेलें.

कुलुपाचा अर्थ

दोन तांत्रिक गोष्टी सांगून टाकतों. पहिली वेगाची. पुतण्याचें मूळ पान वहिनींनीं गांवच्या अंधुक रेंजवर उघडून पाहिलें होतें. तें दिसेपर्यंत त्यांचा कुकर लावून झाला. मोठमोठीं छायाचित्रें आटोपशीर करतांच पान चटकन् उघडूं लागलें. बहुतेक गिऱ्हाइकें मोबाइलवरच पाहणार, तेव्हां मांडणीही त्याच लहान पडद्यासाठीं आधीं केली.

दुसरी गोष्ट कुलुपाची. पत्त्याच्या डावीकडे लहानसें कुलूप दिसलें म्हणजे साइट सुरक्षित, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धवट आहे. आपण भरलेली माहिती वाटेंत कोणास वाचतां येऊं नये, एवढाच त्या कुलुपाचा अर्थ; पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे, असा नव्हे. ही सोय नसलेल्या पानांवर क्रोम हा ब्राउझर जुलै २०१८ पासून 'सुरक्षित नाहीं' असा शेरा मारूं लागला, म्हणून ती प्रत्येकानें करावीच. ती विनामूल्यही मिळते. परंतु तीच सोय ठगांसही मिळत असल्यामुळें, लोकांचा गैरसमज होऊं नये म्हणून, २०२३ सालीं त्याच ब्राउझरनें कुलुपाचें चिन्ह काढून तेथें दुसरें चिन्ह घातलें.

हीच गोष्ट सर्व सजावटीस लागू आहे. सुंदर अक्षर, नेमके रंग, निर्दोष मांडणी हें सारें ठगालाही करतां येतें. दिसतें तसें नसतें म्हणूनच जग फसतें. म्हणून वाचकांनीं ग्राहक या नात्यानें रूपावर न थांबतां पुढें एक पाऊल टाकावें. दिलेल्या क्रमांकावर फोन करून पाहावा. पत्त्यांतील अक्षरें एकेक करून वाचावीं. बँकेचें काम असेल तर पत्त्याच्या शेवटीं 'बँक डॉट इन' आहे काय हें पाहावें. रिझर्व्ह बँकेनें बँकांस या पत्त्यावर येण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. आणि कोणी घाई करूं लागला तर तेथेंच थांबावें. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. अक्काचे चार महिने मौनांत गेले, त्यांत पैसे परत मिळण्याची जी थोडी आशा होती तीही गेली.

साका

हंगाम सुरू झाला. पहिल्या आठवड्यांत सात पेट्या गेल्या, त्यांतील पांच नातेवाइकांकडे! पुतण्या रोज सायंकाळीं आंकडा पाही आणि कांहीं न बोलतां उठून जाई. तिसऱ्या आठवड्यांत नागपूरच्या एका ग्राहकाची पहिली खरी प्रतिक्रिया आली, आणि ती तक्रारीची निघाली. पेटींतील आठ फळांत साका निघाला होता. साका हा हापूसचा जुना रोग. फळ बाहेरून निर्मळ, सुवासिक. कापल्यावर आंतला गर पांढुरका व आंबट. बाहेरून तो अनुभवी बागाइतदारालाही ओळखतां येत नाहीं.

पुतण्या ती तक्रार पुसावयास निघाला. वहिनींनीं त्यास अडविलें. आठ फळांचे पैसे त्याच दिवशीं परत पाठविले आणि तक्रारीखालीं उत्तर लिहविलें: 'साका बाहेरून कळत नाहीं, त्यामुळें तो निघणारच नाहीं असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं. निघाल्यास छायाचित्र पाठवावें. तेवढ्या फळांचे पैसे परत करूं.' हीच ओळ मग किमतीच्या खालींही घातली.

पुढें इंदूरच्या एका मराठी बाईंचा फोन आला. त्यांस चार पेट्या हव्या होत्या. बोलतां बोलतां त्या म्हणाल्या, "ती नागपूरची तक्रार वाचली, म्हणून तुमच्याकडे विचारलें. बाकीच्या ठिकाणीं नुसती स्तुतीच आहे." फोन ठेवल्यावर वहिनींनीं ही गोष्ट पुतण्यास सांगितली, तो हंसला, पण त्या रात्रीं त्यानें तक्रारींसाठीं पानावर स्वतंत्र जागा केली.

सर्वच पेट्या थेट गेल्या असें नाहीं. निम्म्याहून अधिक माल शेवटीं वाशीसच पाठवावा लागला. परंतु वर्षाचा हप्ता भरला गेला आणि पुढील हंगामासाठीं कांहीं घरांनीं आपलीं नांवें आतांच नोंदविलीं आहेत. कर्ज अजून बरेंच आहे; तें एका हंगामांत फिटणारें नव्हतेंच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मे महिन्याच्या अखेरीस अक्कानें बेळगांवच्या आपल्या मुलीकडे एक पेटी पाठविण्याचें ठरविलें. "घरचीच आहे, मी पाठवितों," असें पुतण्या म्हणाला. पण ती ऐकेना. तिनें मोबाइल हातांत घेतला, चष्मा सांवरला, बागेचा पत्ता मोठ्यानें वाचला, किंमत दोनदां पाहिली, आणि सर्व पान खालपर्यंत सरकवून विचारलें, "तें घड्याळ काढलेंस ना रे?" काढल्याची खात्री झाल्यावर तिनें दोन वर्षांनीं प्रथमच आपल्या बोटानें पैसे भरले.